वाकल्यावर येणारी भीती

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या टोळीत त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. खाली बारा मजल्यांची काळी पोकळी असताना तो लिफ्टच्या टपावर उभा राहायचा आणि दोर तपासता तपासता जोडीदाराला कालच्या सिनेमाची गोष्ट सांगायचा. वय तिशीच्या आत. व्यसन नाही, अंगावर चरबी नाही. घरी आई आणि बायको. मोठी बहीण लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे.

पहिल्यांदा ते झालं मशीनच्या खोलीत. मोटरच्या बुडाचा बोल्ट आवळायला तो वाकला आणि हातातला पाना गळून पडला. छाती धडधडू लागली, डोक्यात घण बसू लागले, शर्ट घामानं चिंब झाला. मग भीती आली. कशाची, ते त्याला कळेना.

"पांढराफटक पडलायस. काय पाहिलंस?" सोबतच्या मिस्त्रीनं विचारलं.

"काही नाही."

थोड्या वेळानं सगळं ओसरलं. पण ते पुन्हा आलं. बुटाची नाडी बांधताना, बादली उचलताना, अंथरुणात कूस बदलताना. तो टपावर दुसऱ्याला पाठवू लागला आणि टोळीत कुजबुज सुरू झाली, थंडोबाची टरकलीय. त्यालाही ते पटू लागलं होतं.

बायकोनं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रेशर दोनशेच्या पुढे. डॉक्टर दचकले, पण दुसऱ्या दिवशी मोजलं तर जवळपास ठीक. "कामाचा ताण. मनाला लावून घेता तुम्ही," असं म्हणून त्यांनी धडधड कमी करायची गोळी दिली.

"बापावर गेलाय," आई म्हणाली. वडील तिशी ओलांडता ओलांडता हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला गेले आणि भूल दिल्यावर टेबलावरच संपले. धसका घेतला म्हणून गेले, असंच घरात बोललं जायचं.

गोळी सुरू केल्यावर आठवड्यातच सगळ्यात वाईट झटका आला. त्याला नीट दिसेनासं झालं. मिस्त्रीनं त्याला धरून खाली आणलं आणि तडक मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी ती गोळी थांबवली. मग विचारलं, "वडील कशानं गेले?"

"भीतीनं."

"नीट सांगा."

त्यानं सांगितलं. 'भूल दिल्यावर' हे शब्द ऐकताच त्यांचं लिहिणं थांबलं. "आणि तुम्हाला होतं तेव्हा आधी काय येतं? भीती की धडधड?"

हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. "धडधड. भीती मागनं येते."

"मग घाबरता म्हणून प्रेशर वाढत नाहीये. तरुण माणसाचं प्रेशर एवढं चढलं की मागचं कारण शोधावंच लागतं. कधी मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद असते, कधी एखादी ग्रंथी बिघडलेली असते."

तपासणीसाठी त्यानं दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून नेली. "झाकण घट्ट लाव, कोणी तेल समजून पळवेल," बायको म्हणाली. ती हसत होती, पण झाकण तिनं स्वतःच दोनदा आवळून पाहिलं.

स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ दिसली. वाघ समोर आल्यावर शरीर जो रस रक्तात सोडतं, तो ही गाठ वाघाशिवायच ओतत होती. वाकलं, दाब पडला, की जास्तच. आणि अशा गाठीत धडधडीची ती गोळी एकटी दिली की उलटते.

"म्हणजे मी भित्रा नाही?" त्याचा पहिला प्रश्न हाच होता.

"नाही. पण गाठ काढावी लागेल."

घरी हे ऐकून आई भिंतीला टेकून बसली. "मग त्यांनाही हेच असेल?" डॉक्टरीणबाईंनाही ते छातीठोक सांगता आलं नव्हतं. "त्या टेबलावर मी दुसरा माणूस पाठवणार नाही," आई म्हणाली. आधी काही आठवडे गोळ्यांनी प्रेशर आटोक्यात आणतात, मगच हात लावतात, हे बायकोनं तिला परत परत समजावलं. ती हो म्हणाली नाही, पण रोजच्या गोळ्या तीच मोजून देऊ लागली.

एवढी तयारी करूनही, सर्जननं गाठीला हात लावला तसं प्रेशर उसळलं. भूलतज्ज्ञांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि आकडा उतरेपर्यंत कोणी हात हलवला नाही. त्याला हे नंतर कळलं. गाठ निघाली. काही महिन्यांनी तो पुन्हा टपावर चढला, वाकला, आणि काही झालं नाही.

पण बाईंनी त्याच्या रक्ताची आणखी एक तपासणी केली होती. दोष घराण्यातून आलेला होता. "बहिणीला घेऊन या. लवकर."

बहिणीला सातवा महिना होता. "मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "डोकं दुखतं, घाम येतो, पण अशा दिवसांत कोणाला येत नाही?" तो हट्टाला पेटला म्हणून ती आली.

नर्सनं तिच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला. पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. पुन्हा पाहिला. मग ती बाहेर गेली, आणि दारापलीकडे तिची पावलं धावू लागली.

"मशीन बिघडलंय वाटतं," बहीण म्हणाली.

त्यानं तो आकडा वाचला होता. तिची पिशवी आपल्या मांडीवर घेऊन तो म्हणाला, "आडवी होऊ नकोस, ताई. पोटाचा दाब पडेल. अशीच बसून राहा."