शेवंताची अंकलिपी

मंडळी, आज वर्गात माझ्याकडून एक चूक झाली. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी उचगावच्या शाळेत चौथीला शिकवतो. आमच्या संस्थानात महाराजांनी शिक्षण सक्तीचं केल्यापासून वर्ग भरलेला असतो. आज सगळ्यांना आपापलं आवडतं पुस्तक आणायला सांगितलं होतं. मीही माझं इतिहासाचं जाडजूड पुस्तक नेलं होतं.

शेतमजुराची शेवंता उठली. तिच्या हातात पहिलीची फाटकी अंकलिपी होती. पोरं हसली. मलाही हसू आवरलं नाही.

"अगं, चौथीत आलीस की आता," मी म्हणालो.

ती अंकलिपी मिटून खाली बसली.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं. "हेच पुस्तक का आणलंस?"

"आईला ह्यातनंच शिकिवतो, गुरुजी. काल तिनं पयल्यांदा आपलं नाव लिवलं. त्येच सांगणार हुतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमीबी हसलासा की."

उद्या सगळ्यांसमोर तिची माफी मागणार आहे. पण आईनं नाव लिहिल्याचं तिला आज सांगायचं होतं. माझ्या जागी तुम्ही असता, तर उद्या तिला काय म्हणाला असता?