समुद्राची बाजू

चिमूटभर माती उचलायची, खांद्याच्या उंचीवरून सोडायची आणि ती कुठे जाते ते बघत राहायचं. मग म्हणायचं, "वारं कुठचं ते बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये." मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मोटरसायकलचं गॅरेज होतं. तुम्ही त्या बाजूने गेला असाल तर दारात माती उडवत उभा असलेला हा किडकिडीत, उंच माणूस तुम्ही पाहिला असणार, आणि 'ह्याचा एखादा स्क्रू ढिला दिसतो' म्हणून पुढे गेला असणार. मीही पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं.

सगळे त्याला भाई म्हणायचे. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी 'तुम्ही' म्हटलं तर अंगावर आला, "तुम्ही-बिम्ही घरी ठेव. हेल्मेट घातल्यावर सगळे सारखेच." दिवसभर आम्ही लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचो आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजच्या मालकांच्या दोन शर्यतीच्या गाड्या घेऊन मातीच्या ट्रॅकवर जायचो. एका गाडीवर भाई, दुसरीवर मी. संघ म्हणजे एवढाच.

त्याच्या वाऱ्याच्या वेडाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. भाचीच्या लग्नात बिर्याणीची चूल पेटवायच्या आधी ह्याने माती सोडून बघितली आणि आचाऱ्यांना चूल उचलून दुसऱ्या टोकाला न्यायला लावली. धूर बायकांच्या बाजूला जाईल म्हणे. आचारी ह्याच्या नावाने शंख करत होते. तासाभराने सगळा धूर बरोबर नवऱ्यामुलाच्या तोंडावर. बिचारा डोळे पुसत बसला आणि लोक म्हणाले, पोरगा भारी हळवा हो! भाभी, म्हणजे भाईची बायको, ह्याच्यावर जी भडकली! हा मात्र शांत. "वारं फिरलं, त्याला मी काय करू?"

पण ट्रॅकवर ते वेड नव्हतं. शहराबाहेर समुद्राच्या अंगाला मोठा सडा आहे, म्हणजे उघडं कातळाचं पठार. कातळावर तांबड्या मातीचा पातळ थर. तिथला ट्रॅक शेवटी समुद्राला समांतर सरळ धावतो. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो आणि पुढच्या गाडीचा सगळा धुरळा जमिनीच्या बाजूला ढकलतो. म्हणजे मागच्याने समुद्राच्या बाजूने गाडी काढली तर त्याला लख्ख दिसतं. पुढच्यानेच ती बाजू धरली, तर मागचा आंधळा. दिसत नसताना कातळावर कोण मूठ पिळून वेग वाढवणार?

हे सगळं मला भाईने शिकवलं. "परक्याला समुद्राची बाजू द्यायची नाय. आपल्या माणसाची अडवायची नाय." एवढा एकच कायदा. बाकी शर्यतीत तो मला सूतभरही सोडायचा नाही. मी एकदा फुरंगटलो तर म्हणाला, "शिकवीन सगळं. देणार काय नाय. दिलेलं अंगाला लागत नाय."

त्या वर्षी राज्याच्या मालिकेतली शेवटची शर्यत आमच्याच सड्यावर होती. भाई आणि मी गुणांत बरोबरीत, आणि कोल्हापूरचा एक जण आमच्या जेमतेम दोन पावलं मागे. जो जिंकेल त्याला पुण्याच्या मोठ्या संघात जागा मिळणार होती. मी चोवीस वर्षांचा होतो, मला पुढे दहा वर्षं होती. भाई एकोणचाळीसचा होता आणि त्या संघात चाळिशीच्या माणसाला कोणी घेत नव्हतं. वीस वर्षं तो त्या जागेची वाट बघत होता. भाभीने बजावलं होतं, हे शेवटचं. नाही मिळालं तर तिच्या भावाकडे मस्कतला जायचं, टँकर चालवायला. हे सगळं मला माहीत होतं हो. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

सकाळी मालकांनी दोघांना समोर बसवलं. "आधी कोल्हापूरवाल्याला रोखा. एकाने पुढे सुटायचं, एकाने त्याला मागे अडवून धरायचं. तो बाद झाला तर फळीवर लिहून दाखवतो, मग तुमचं तुम्ही बघा." अडवण्याचं काम कोणालाच नको असतं, त्यात स्वतःचा वेळ जातो. भाई लगेच म्हणाला, "तू सूट पुढे. त्याला मी बघतो." मी तोंडदेखलंसुद्धा नाही म्हटलं नाही.

दहा फेऱ्या होत्या. सात फेऱ्या भाईने त्या माणसाला असा जखडून ठेवला की बघणारे टाळ्या वाजवत होते. आठव्या फेरीत कोल्हापूरवाल्याची साखळी तुटली. मालकांनी फळी वर धरली, 'तिसरा बाद'. मी वाचली. भाईनेही वाचली असणार, कारण दोन फेऱ्यांत त्याने माझ्यामागचं सगळं अंतर खाऊन टाकलं. शर्यतीच्या गाडीला आरसे नसतात. मागचा माणूस कानांनीच ओळखायचा. त्याच्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखला असता, इतक्या वेळा ते इंजिन आम्ही दोघांनी मिळून उघडलं होतं.

शेवटचा सरळ रस्ता. तो माझ्याहून वेगात होता. समुद्राच्या बाजूने तो येणार, अगदी बिनघोर येणार, कारण पुढे परका नव्हता, मी होतो. आणि मी गाडी समुद्राच्या बाजूला घातली.

त्याचा आवाज एकदम खाली आला. त्याने मूठ सोडली होती. मी जिंकलो.

तो गाडीवरून उतरला तेव्हा नखशिखांत तांबडा झाला होता, नुसते डोळे दिसत होते. लोक मला खांद्यावर घेत होते. तो गर्दीतून माझ्याजवळ आला, वाकला, चिमूटभर माती घेतली आणि सोडली. माती समुद्राकडून जमिनीच्या बाजूला उडाली. आम्ही दोघांनी बघितली. मग तो अगदी हळू म्हणाला, "वारं फिरलं होतं काय रे? म्हणून तिकडे गेलंस?"

त्याला सगळं कळलं होतं. वारं फिरलं असतं तर लख्ख बाजू जमिनीची ठरली असती, आणि ती मी त्याला मोकळी सोडली असं झालं असतं. तरी माझ्यासाठी त्याने ते निमित्त शोधून आणलं होतं. आणि मी मेल्याने ते घेतलं. "होय भाई," म्हटलं, "फिरलं होतं."

"मग बरोबर केलंस," म्हणाला आणि माझी गाडी पुसायला गेला. माझी, त्याची नव्हे.

मी पुण्याला गेलो, तो मस्कतला. दर रमजान ईदला त्याचा फोन यायचा. "काय चॅम्पियन, जेवलंस काय?" दर वेळी मी ठरवायचो, आज सांगायचं. आणि दर वेळी तिथल्या उन्हाबद्दल विचारून फोन ठेवायचो. सहा ईद अशाच गेल्या. शर्यत जिंकायला मी एक क्षण घेतला आणि दोन शब्द बोलायला सहा वर्षं पुरली नाहीत. माझ्यासारखा भेकड माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ह्या मार्चमध्ये तो रजेवर घरी आला. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत खेळ आटोपला. मालकांनी मला कळवलं. मी पुण्याहून पोचलो तो दुसऱ्या दिवशी, जनाजा निघत होता तेव्हा. त्याच्या भावाने मला बघितलं आणि खांदा द्यायला जागा करून दिली.

कब्रस्तान उतारावर आहे, खाली समुद्र. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली होती, वारा चांगलाच सुटला होता. माणसं कबरीत तीन-तीन मुठी माती टाकत होती आणि ती कोरडी तांबडी माती उडून पलीकडे उभ्या असलेल्यांच्या अंगावर जात होती. लोक तोंडाला रुमाल धरत होते. माझ्या अंगावर मात्र कणही येत नव्हता. मी मागे वळून खाली बघितलं. मी समुद्राच्या बाजूला उभा होतो.

मी तिथून निघालो. माणसांमधून वाट काढत पलीकडे गेलो आणि जमिनीच्या बाजूला, वाऱ्याला तोंड करून उभा राहिलो. वाकून मूठ भरली.

"वारं फिरलं नव्हतं, भाई," मी म्हटलं. शेजारच्या माणसाने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मूठ सोडली. थोडी माती खाली गेली. बाकीची माझ्याच तोंडावर आली.