चिठ्ठीवरची बाई

गल्लीतले सगळे तिला गुण्याकाकू म्हणत. नाव शेजारच्या गवंड्यानं ठेवलेलं. तिनं विणलेल्या चादरीचा काठ असा सरळ, की त्याच्या काटकोन तपासायच्या गुण्यानंही हात टेकावेत! चाळीस वर्षं मागावर बसून गुडघे कामातून गेले होते, नजर मात्र शाबूत होती.

एका सकाळी परदेशी दुकानांना माल पुरवणारा व्यापारी आला. चादरीवरून हात फिरवत म्हणाला, "काकू, काम जरा जास्तच सफाईदार झालंय. चार धागे सुटू द्या, नक्षी थोडी चुकू द्या. तिकडच्या गिऱ्हाइकाला हाताचं वाटलं पाहिजे."

काकूला हसूच आवरेना. "चुका जाव्यात म्हणून सासूबाईंची बोलणी खाल्ली मी. आता मुद्दाम चुकू होय?"

चादरींना अडकवायच्या छापील चिठ्ठ्या त्यानं सोबत आणल्या होत्या. सुनेनं एक उचलली आणि परक्या भाषेतला मजकूर समजावून सांगितला, "गरीब, निरक्षर स्त्रीनं दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात विणलेली."

"ही कोण बया?"

"तुम्हीच, आई."

काकूनं आधी डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं, मग व्यापाऱ्याकडे.

"अहो, लोकांना कणव आली की माल खपतो," तो पुटपुटला.

"माझ्या आजोबांच्या नक्षीचे नमुने तेव्हाचे राज्यकर्ते साहेब वहीत चिकटवून घेऊन गेले," काकू म्हणाली. "तीच नक्षी गिरणीच्या कापडावर छापून आमच्याच बाजारात आणली. आजोबांना कुणी विचारलंसुद्धा नाही. चादर कुणीही खुशाल पांघरावी, पण कुणी विणली ते खरं कळू दे. लिही गं सूनबाई! विणणारी अकरावी शिकलेली आहे. नक्षी तिच्या आजोबांची. काही विचारायचं असल्यास पत्ता खाली दिला आहे."

व्यापारी कुरकुरला. निम्मीच मागणी ठेवली, पण चिठ्ठी बदलली. उरलेल्या चादरी काकूनं गावच्या बाजारात विकल्या. त्याचं तिला काही वाटलं नाही.

तीन महिन्यांनी परदेशातल्या एका बाईचं पत्र आलं. मांजरानं चादरीचा धागा ओढला होता, आता काय करावं?

"कापू नको म्हणावं आधी!" काकू मागावरूनच ओरडली. मग सुनेला कागद घ्यायला लावून धागा सुईनं मागं कसा ओढायचा ते तिनं दोन पानं भरून सांगितलं, आणि मांजराला चादरीवर झोपू देण्याबद्दल त्या बाईची चांगली खरडपट्टीही काढली.