रिकामं आलं तर जुनं राहू दे

आमच्या टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला राव सर आधी एक कागदी फॉर्म भरायला देत. पेरुंगुडीच्या त्या चकचकीत ऑफिसात कागद फक्त त्यांच्याच टेबलावर दिसायचा. मी घरच्या फोनची चौकट सोडून दिली होती. त्यांनी तिच्यावर पेन्सिल टेकवली.

"घरीं फोन नाहीं, अम्मा?"

"आहे सर. लिहायचा राहिला."

"पाहिलीस? रिकामें म्हणजे 'नाहीं' नव्हे. रिकामें म्हणजे विचारलें नाहीं, इतकेंच."

राव सर तंजावरी मराठी, म्हणजे पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. त्यांचं बोलणं ऐकून मला, सातारच्या मुलीला, वाटलं की हा माणूस बखरीतून उठून थेट कॉम्प्युटरपुढे येऊन बसलाय. मी घरी फोन करून त्यांची नक्कल करायचे. आईला हसू आवरायचं नाही.

आम्ही लहान रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करायचो. पेशंट पहिल्यांदा आला की त्याची नवी नोंद, पुन्हा आला की तीच नोंद दुरुस्त करायची. मला दोन्ही सारखंच वाटे. सर म्हणत, "नवा माणूस लिहिणें सोपें. असलेल्या माणसाला हात लावतांना भ्यावें." दुरुस्तीचा प्रत्येक कोड ते छापून घेत, पेन्सिलीनं वाचत, आणि मगच मंजुरी देत. त्यात दोन-दोन दिवस जायचे. आम्ही मागून चरफडायचो.

पत्ता बदलण्याचा स्क्रीन मी लिहिला, त्या दिवशी सर आईच्या श्राद्धासाठी रजेवर होते. काम त्याच दिवशी द्यायचं होतं. अडीअडचणीला असावा म्हणून त्यांनी आपला पासवर्ड मला देऊन ठेवला होता. त्यांच्या नावानं मीच मंजुरी दिली. एवढ्याशा स्क्रीनला काय बघायचंय, असं मला वाटलं.

माझा कोड अख्खा फॉर्म उचलून जुन्या नोंदीवर लिहीत होता. पुढे एका म्हाताऱ्या बाईंनी घर बदललं म्हणून रुग्णालयात पत्ता बदलून घेतला. त्या स्क्रीनवर पत्ता तेवढा भरला गेला, नातेवाइकाच्या फोनची चौकट रिकामीच राहिली. माझ्या कोडानं ते रिकामेपणच नवा फोन समजून जुना नंबर पुसला. महिन्याभरानं बाई अत्यवस्थ होऊन तिथेच आल्या, तेव्हा कळवायला कुणाचाच नंबर नव्हता. मुलगी ओरगडमच्या कारखान्यात, तासाभराच्या अंतरावर. शेजाऱ्यांकडून कळून ती पोचली तिसऱ्या दिवशी. आई आदल्या दिवशीच गेली होती.

चौकशीत मॅनेजरनी विचारलं, "हे कुणी पास केलं?"

"मी पाहिलों, मी सोडलों," सर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होते. तमिळ मला वाचता येत नाही.

महिन्याभरात त्यांना राजीनामा द्यावा लागला. जाण्याआधी त्यांनी माझ्या कोडात एकच अट घातली: रिकामं आलं तर जुनं राहू दे. मला त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी तीन वर्षं स्वतःला बजावत आले.

मागच्या वर्षी सर हृदयविकारानं गेले. मी सैदापेटला त्यांच्या घरी गेले. मामींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, कॉफी दिली आणि त्या समोर बसल्या.

"एक विचारतें, अम्मा. त्या बाईचें, ती चूक ह्यांची होती काय? घरीं एक शब्द सांगितले नाहींत. फोन वाजला कीं दचकत. मुलगा अजून म्हणतो, अप्पानें एक जीव घालविला."

"नाही मामी. चूक माझी होती. सरांनी तो कोड पाहिलाच नव्हता."

मामींनी माझ्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते होते तोंवर कां नाहीं सांगितलीस?"

रिकामं म्हणजे विचारलं नाही, असं सर म्हणत. इथे तर मामींनी विचारलं होतं, आणि तरी माझी चौकट रिकामीच राहिली.