वाढत्या अंगाची बातमी

लिही, दिव्यानी. तुयी आजी बोलते तसंच लिही, तुया शाळेतली मराठी मधात नको घालू. हे लियाकतभाऊले वाचून दाखवाचं आहे, त्याले आपलं बोलणं आयकल्यासारखं वाटलं पायजे.

लियाकतभाऊ म्हणजे आपल्या सावली गावातला कपडेवाला. त्याच्या घराची भिंत आन आपली भिंत एकच. तुया बापाचे लहानपणचे सारे सदरे त्याच्याच गठ्ठ्यातले. त्याचा बाप सायकलवर गठ्ठा बांधून आज या गावच्या बजारात, उद्या त्या गावच्या. हा जुन्या मोटरसायकलवर फिरते, एवढाच फरक. इकते फकस्त लेकरायचे कपडे. आन त्याची एक रीत आहे. माय पोट्ट्याले घेऊन आली का तो टेप काढतच नाई. पोट्ट्याले म्हणते, "चाल बरं जरा. पलट. हात वर कर." मंग गठ्ठ्यातून जो सदरा काढते तो खांद्यात ढिला आन खाली लांब. पोट्ट्यायच्या माया बी तेच मांगतेत, "वाढत्या अंगाचा द्या, भाऊ." पुढच्या साली बी पुरला पायजे ना! लियाकतभाऊ मले नेहमी म्हणते, "रुखमाबाई, मी आजचं लेकरू पाहतच नाई. मी पुढच्या सालचं पाहतो."

कबड्डी बी तो अशीच पाहते.

आपल्याकडं धान कापून झालं, बांध्या रिकाम्या झाल्या का गावोगाव सामने होतेत. सारे लोकं जितणाऱ्या टीमच्या मांगं नाचतेत. लियाकतभाऊ हारलेल्या टीमच्या कोपऱ्यात जाऊन एखाद्या सुकल्या पोट्ट्याले इचारते, "तुया बाप उंच आहे का रे? मामा?" नागपूरची एक मोठी टीम आहे, टीव्हीवर येते, चौकातले सारे तिच्यासाठी जीव टाकतेत. याले तिचं काई नाई. त्या टीमच्या खाली एक बारकी टीम आहे. गावागावातून उचलून आणलेले पोट्टे होस्टेलात ठेवतेत, शिकवतेत, इकडं तिकडं खेळवतेत. चांगला निघाला त्याले वरच्या टीमत घेतेत. नाई निघाला तं पेटी उचल आन घरी जा. हे पोट्टे टीव्हीवर दिसत नाई, पेपरात येत नाई. लियाकतभाऊले मात्र सारे तोंडपाठ. कोण कुठचा, कोणाचा दम लवकर तुटते, कोण मायच्या आठवणीनं रडते.

चायवाला गुणवंतराव त्याले चिडवे, "काऊन लियाकतभाऊ, सारी वरात सोडून तुमी वाजंत्र्याच्या पोट्ट्यायमांगं काऊन फिरता?"

"उद्या तेच वाजवणार आहेत, गुणवंतराव."

आन त्याचे अंदाज काई सारेच खरे निघत नाई बरं. व्याहाडच्या एका पोट्ट्याले म्हणे, "हा हत्ती होईन." झाला तो हत्ती, पण पोटानं. आता किराणा दुकानात बसते. दुसऱ्या एकाचं लगन झालं आन बायको म्हणाली, कबड्डी का मी. तरी लियाकतभाऊचा नाद सुटत नाई.

निकेशचं तसं नाई. निकेश त्याच्या गळ्यातच अडकला.

निकेश जिवतीच्या पहाडावरचा. त्याची माय सुकरी, नवरा नाई, बरड जमिनीचा तुकडा, कापूस आन तूर. एका साली ते मायलेक आपल्याकडं धान कापाले आले होते. सुकरीनं बजारात लियाकतभाऊपाशी पोट्ट्यासाठी सदरा घेतला. वाढत्या अंगाचाच. त्याच सांजच्याला एका टीमत एक गडी कमी होता, तं हा पोट्टा तोच नवा सदरा घालून मैदानात उतरला. समोरचे पकडाले जात तं हातात कपडाच ये, पोट्टा आतून सटकून मोकळा. लोकं हसून हसून लोळले. सदऱ्याच्या चिंध्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सुकरी चिंध्या घेऊन भांडाले आली. "काय कपडा इकता भाऊ? एक दिवस नाई टिकला!"

लियाकतभाऊ म्हणाला, "बाई, एक काऊन, दोन सदरे देतो. पण हा पोट्टा मले दाखवू दे नागपूरले."

सुकरी किती दिवस नाईच म्हणे. घरात कामाले तोच एक. लियाकतभाऊ दोनदा जिवतीले जाऊन आला. शेवटी ते म्हणाली, "मले कबड्डीचं काई समजत नाई. तुमी म्हणता म्हणून धाडतो."

मले वाटते, हे एक वाक्य लियाकतभाऊच्या पाठीवर गठ्ठ्यापेक्षा जड झालं.

तेव्हापासून निकेश बारक्या टीमत. हे त्याचं शेवटचं साल होतं. यंदा वर घेतलं नाई तं घरी. आन लियाकतभाऊचं चित्तच ठिकाणावर नाई. जेवता जेवता उठे. बांधलेला गठ्ठा सोडे, परत बांधे. एकदा तं बजारात एका पोरीले तिच्या भावाचा चड्डा देऊन बसला. सुलताना, त्याची बायको, मले भिंतीवरून म्हणे, "रुखमाबाई, इन्को जरा बिठाओ ना. मेरा घर है के मैदान? सुबह से चक्करां मार रहे."

आता आमच्याकडं मोबाईलची रेंज कशी आहे तुले माहीतच आहे. त्याच्या घरात काईच नाई. माह्या ओट्यावर डाव्या खांबापाशी येते, तेही एक पाय ओट्यावर आन एक खाली ठेवला तं. म्हणून सारं माह्या समोरच झालं.

त्या दिवशी बारक्या टीमचा शेवटचा सामना होता आन वरच्या टीमचा कोच तो पाहाले येणार होता. लियाकतभाऊचा भाचा ताबिश नागपूरले शिकते, त्याले धाडलं होतं पाहाले. मी ओट्यावर लाखोळीची भाजी खुडून राह्यली होती. लियाकतभाऊ खांबापाशी, एक पाय वर, एक खाली. फोन वाजला.

"हां ताबिश! बोल! जोरानं बोल!... निकेश काय?... लाग... काय? हॅलो! हॅलो!"

गेली रेंज. परत लावला तं फोन बंद.

"काय म्हणाला?" मी इचारलं.

"निकेश लागला म्हणाला!" आन तो माणूस ओट्यावरून उडी मारून रस्त्यावर. "लागला, रुखमाबाई! पोट्टा लागला!"

आपल्याकडं कोणाले काम भेटलं, नोकरी भेटली का लागला म्हणतेतच. मी बी खुश. सुलताना धावत आली. आन मी "थांबा जरा" म्हणेस्तोवर यानं खांबापाशी येऊन जिवतीले फोन लावला बी. आता बरोबर रेंज आली! "सुकरीबाई, तुमचा निकेश लागला! मोठ्या टीमत लागला!" तिकडून तिचा रडाचा आवाज मले इथी बसून आयकू आला.

फोन ठेवला. सुलताना साखर आणाले आत गेली. मी भाजीचं देठ तोडता तोडता इचारलं, आपलं सहजच, "भाऊ, ताबिश काय म्हणाला? निकेश लागला म्हणाला का निकेशले लागलं म्हणाला?"

लियाकतभाऊ जागीच थांबला.

"लागला... म्हणजे... लाग असंच आयकू आलं."

"पुढचं?"

"पुढचं गेलं."

मंग त्याची जी हालत झाली! या टोकापासून त्या टोकापर्यंत. "त्याचा आवाज कसा होता, खुशीचा होता ना? नाई, ओरडत होता. खुशीनं बी ओरडतेतच. पण मागं गलका होता. गलका काऊन होता, रुखमाबाई?" मले काय माहीत गलका काऊन होता! सुलताना साखरेची वाटी घेऊन दारात तशीच उभी. म्हणाली, "पूछ तो लेते पहले. जिवती को काहे को लगाए?"

दिवस बुडता बुडता ताबिशचा फोन आला. "मामू, निकेशले लागलं. घोटा मुरगळला. कोचनं दुसऱ्या पोट्ट्याले वर घेतलं. निकेशले म्हणाला, होळीनंतर पाय बरा दिसला तं ये, पाहू. नाई तं येऊ नको. उद्या मी त्याले घरी घेऊन येतो गाडीनं."

लियाकतभाऊ खांबाले टेकून खालीच बसला. बसलेला असा मी त्याले किती दिवसानं पाह्यला.

"फोन करा तिले," मी म्हणलं.

"नाई. फोनवर लागला म्हणलं, आता फोनवरच लागलं कसं म्हणू? मी जातो. पोट्टा पोचाच्या आधी पोचतो. रुखमाबाई, तुमी चाला संगं. बाईमाणूस असलं तं बरं."

गेली मी, दुसऱ्या दिवशी पाहाटेच. काय रस्ता तो! मूल गावचा स्टँड आला तं खाली उतरे, चंद्रपूरच्या स्टँडवर गाडीभवती फेऱ्या मारे, कंडक्टरले इचारे, "कव्हा निघते?" कंडक्टर म्हणाला, "चाचा, तुमी बसले का निघते." गडचांदूरले गाडी बदलली, घाट चढली. सुलतानानं बांधून देल्लेल्या रोट्या मी खाल्ल्या, त्यानं हात नाई लावला. तोंडातल्या तोंडात बोले, "असं म्हणू का? नाई, तसं म्हणतो."

सुकरीचं आंगण सारवलेलं. दारावर आंब्याचा टाहाळा. आंगणात गाव बसलेलं. सुकरीनं पायावर पाणी देल्लं, खाटेवर बसवलं. सारे त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यले. लियाकतभाऊनं रस्ताभर जे जुळवलं होतं ते सारं इसरला.

"बाई, माह्यानं चूक झाली. तो लागला नाई. त्याले लागलं."

आंगणातून एक कोंबडी कुटकुट करत गेली.

सुकरीनं इचारलं, "कुठी?"

"घोट्याले."

"हाड?"

"हाड शाबूत आहे."

ते खालीच बसली. पदर तोंडावर घेतला. मी तिच्यापाशी सरकली.

तेवढ्यात कोपऱ्यातून म्हातारा वारलू बोलला, "काऊन लियाकतभाऊ, तुमी बातमी बी वाढत्या अंगाचीच देता का?"

आधी एक पोरगी हसली. मंग सारं आंगण. पदराआड सुकरीचे खांदे हलून राह्यले होते, मले वाटलं रडते, पाहतो तं ते बी हसून राह्यली होती. डोळे पुसून म्हणाली, "भाऊ, खरं सांगू का? तुमचा फोन आला तं मी गावभर सांगत हिंडली. आन घरात येऊन चुलीपाशी बसली तं असं वाटलं, आता हा पोट्टा गेला. आता हा माह्या घरी पाहुणाच येईन."

लियाकतभाऊचे पाय खाटेखाली हलत होते.

गाडी आली. ताबिशनं निकेशले आधार देऊन उतरवलं. घोट्याले पट्टी, मान खाली. मायले पाहून म्हणाला, "माय, माह्या जागी दुसरा गेला." मंग हळूच, "होळीनंतर बोलावलं आहे. पाय बरा झाला तं."

सारे सुकरीकडं पाहाले लागले. ते लियाकतभाऊकडं. लियाकतभाऊनं दोन्ही हात जोडले. "बाई, मी आता काई म्हणत नाई. माह्या म्हणण्यावर तुमी पोट्टा धाडला, त्याची हे गत झाली."

"तुमाले कोण इचारून राह्यलं?" सुकरी उठली. "त्या बारीले तुमी म्हणलं म्हणून गेला. आता गेला तं मी म्हणतो म्हणून जाईन. आधी पाय पाहू दे मले."

अशी बोलली ते! लियाकतभाऊचं तोंड पाहाले पायजे होतं. डोक्यावरचा गठ्ठा कोणी उतरवून घेतल्यासारखा उभा. मले वाटलं, चला, आता हा माणूस दोन घास खाईन, निवांत बसन. कशाचं काय! निकेश पाणी प्याले उठला तं हा ओरडला, "टेकवू नको! पाय टेकवू नको!" आन सांजपर्यंत त्या पोट्ट्याच्या मांगं मांगं आंगणात फिरला. निकेश एका पायावर उड्या मारे, हा दोन्ही हात पसरून बाजूनं, जसा पकडाले निघाला.

होळी अजून यायची आहे. निकेश जिवतीलेच आहे, सुकरी त्याच्या पायाले रोज तेल लावून शेकते. मोठी टीम टीव्हीवर हारून राह्यली, चौकात सारे शिव्या देतेत. लियाकतभाऊले त्याचं काई नाई. तो रोज बजारातून आला का आधी माह्या ओट्यावर येते. ताबिशले आन जिवतीले दोघायले त्याची ताकीद आहे, फोनवर लागला, लागलं काईच म्हणायचं नाई. काम असलं तं काम म्हणा, पाय असला तं पाय म्हणा.

आता बी तिथीच उभा आहे पाहा, एक पाय वर, एक खाली. "उतरली का सूज? पुरी उतरली? टेकवते का?... काय? हॅलो, बाई, काय करते?"

थांब दिव्यानी, लिहिणं थांबव जरा. सुकरी काय म्हणून राह्यली ते आयकू दे.