दूधसाखरेची वाटी

माझ्या धाकट्या भावाला दहाव्या वर्षापासून इन्सुलिन घ्यावं लागे. पहिल्यांदा त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा तो बेशुद्ध होता, आणि डॉक्टर बाहेर येऊन काही सांगेपर्यंत आईने व्हरांड्यात उभ्या उभ्या नवस बोलून टाकला होता. हा वाचला तर मिळवता झाल्यावर पालखीबरोबर पायी शिर्डीला येईल. डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते तिने अर्धंच ऐकलं. इन्सुलिन रोज, जन्मभर, हे मी ऐकलं. मी तेव्हा कॉलेजात होते. काचेची सिरिंज उकळायला मी शिकले, टोचायला मी शिकले. आईला सुई हातात धरवत नसे. तिने तिच्या परीने केलं ते एवढंच, की साखरेचा डबा घरातून घालवला. कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवाळीला चिवडा आणि कडबोळी व्हायची, बाकी काही नाही. साखर त्याची वैरी आहे हे तिला पक्कं कळलं होतं आणि त्यापुढचं कळून घ्यायला ती तयार नव्हती.

पुढचं असं होतं. इन्सुलिन टोचून वेळेवर खाल्लं नाही, किंवा नेहमीपेक्षा जास्त श्रम झाले, तर रक्तातली साखर नको इतकी उतरते. माणूस आधी थरथरतो, मग घामाने भिजतो, मग काहीबाही बोलतो, आणि मग पडतो. त्या वेळी साखर हेच औषध. मी हे आईला अनेकदा समजावलं. ती म्हणायची, "तुझी पुस्तकं राहू देत." मी पुढे एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, तेव्हापासून हे वाक्य तिला फारच सोयीचं झालं.

तो इंजिनिअर झाला. दोन हजार साल उजाडताना संगणक बंद पडतील म्हणून जग घाबरलेलं होतं, आणि त्या घबराटीवर आमच्या पेठेतल्या बऱ्याच मुलांना नोकऱ्या लागल्या. त्यालाही एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. आईने त्याच संध्याकाळी पेठेतल्या पालखी मंडळाच्या अध्यक्षांना निरोप धाडला, की चैत्रातल्या पालखीत आमचा मुलगा चालणार.

"तुझा विश्वास आहे का?" मी त्याला विचारलं.

"माझा इन्सुलिनवर आहे," तो म्हणाला. "पण ताई, तो नवस लहानपणापासून माझ्या मानेवर बसलाय. पास झालो तो नवसामुळे, नोकरी लागली ती नवसामुळे, जिवंत आहे तोही नवसामुळे. एकदा चालून येतो. मग जे काही जगेन ते माझं माझं असेल."

त्याला त्या वाटेकडून हवं होतं ते एवढंच. डॉक्टरांनी चालण्याच्या दिवसांत डोस कमी करायला सांगितला, मधूनमधून रक्त तपासायला सांगितलं, कमरेच्या पिशवीत ग्लुकोजचे पुडे कायम ठेवायला सांगितलं. "आणि बरोबर समजणारं कुणीतरी हवं," म्हणाले. मी रजा टाकली.

इन्सुलिन उन्हात खराब होतं आणि गोठलं तरी वाया जातं. मी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ भरायचे आणि बाटल्या प्लास्टिकमध्ये, वर नॅपकिनमध्ये गुंडाळून अशा ठेवायचे की बर्फाला त्या लागू नयेत. वाटेत दूध डेअरी दिसली की मी थांबून बर्फ मागायचे. बाकीचे लोक देवाचं नाव घेत चालत होते, मी डेअऱ्या शोधत चालत होते. भाऊ जाड मोजे आणि बूट घालून चाले, कारण त्याच्या पायाला जखम झाली तर ती लवकर भरली नसती. बाकी निम्मे अनवाणी.

"काय इंजिनिअर, देवाकडे बूट घालून?"

"पाय कंपनीचे आहेत," तो म्हणायचा. "सांभाळून परत करायचेत."

पूर्वी ही पालखी म्हणजे पेठेतली मूठभर माणसं, एक टाळांचा जोड आणि मार्केट यार्डातल्या कुणा व्यापाऱ्याने दिलेलं तांदळाचं पोतं असायचं. त्या वर्षी छापील टी-शर्ट होते, ध्वनिक्षेपकाचा टेम्पो होता, आणि टी-शर्टांच्या पाठीवर एका गृहस्थांचा फोटो होता. नगर रस्त्याकडेची वडिलोपार्जित शेती प्लॉट पाडून विकल्यावर त्यांना भक्ती सुचली होती. एका मुक्कामाची मानाची आरती त्यांची होती.

स्वयंपाक बिबवेवाडीच्या एका काकूंकडे होता. भल्या बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या भावासाठी न सांगता वेगळ्या भाकऱ्या थापल्या, आणि पंगतीत सगळ्यांना बजावलं, "पोराला शुगर आहे. कुणी गोड द्यायचं नाही." सगळ्यांनी ते मनावर घेतलं. त्याच्या हातातला चहा हिसकावून बिनसाखरेचा दिला जाई. वाटेतल्या गावकऱ्यांनी पेढे वाटले की चार हात मध्ये येत. पहिले दोन दिवस त्याला याची गंमत वाटली. मग तो चालताना रस्त्याच्या कडेला होऊन, पाठ फिरवून ग्लुकोज तोंडात टाकू लागला, आणि कुणीतरी पाहिलं. इंजिनिअर चोरून गोड खातो.

मी काकूंना समजावायला गेले. "काकू, चालण्याने साखर उतरते त्याची. अधूनमधून द्यावीच लागते."

"माझे सासरे हेच म्हणायचे," काकू कणीक मळता मळता म्हणाल्या. "शेवटी पाय कापला."

नगर मागे पडल्यावरचा मुक्काम एका नव्या मंगल कार्यालयाच्या पटांगणात होता. टी-शर्टवरच्या त्या गृहस्थांची मानाची आरती त्याच दुपारी होती. नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात काही घालायचं नाही, हा पालखीचा नियम. आणि माझ्या भावाचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास टोचावं लागे. म्हणजे देव कधी जेवणार हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. आम्ही ध्वनिक्षेपकाकडे कान लावून होतो. "पाहुणे पोहोचतच आहेत, लगेच आरती, लगेच पंगत," अशी घोषणा झाली. मी वाढप्यालाही विचारलं. पानं मांडायला घेतली होती. तेव्हा त्याने टोचून घेतलं. माझ्या झोळीतला ग्लुकोजचा पुडा सकाळीच संपला होता, पण त्याच्या पिशवीत दोन आहेत असं मी धरून चालले होते. थर्मासमधला बर्फ वितळला होता म्हणून मी मागच्या फाट्यावरच्या डेअरीत गेले.

परत आले तेव्हा पाहुणे आलेले नव्हते. पानं मांडलेली होती, रिकामी. टेम्पोच्या चाकाशी गर्दी होती आणि आत माझा भाऊ बसला होता. दोघांनी त्याचे हात धरून ठेवले होते. शर्ट पिळावा इतका भिजलेला.

"प्यायलाय," कुणीतरी मला सांगितलं. "अध्यक्षांना म्हणाला, तुमचा पाहुणा गेला खड्ड्यात. मग नैवेद्याच्या ताटाकडेच निघाला."

मी त्याच्या कमरेची पिशवी उघडली. तिच्यात रुमाल होता, सुटी नाणी होती. पुडे नव्हते.

"ते मी काढून घेतलेत," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अपराध नव्हता, समाधान होतं. "सकाळी आंघोळीला गेला तेव्हा. पोरांत वाटून टाकले."

"साखर द्या, काकू. आत्ता."

"तुला वेड लागलंय का? शुगर असलेल्याला साखर? मारतेस का त्याला?"

"तोंडावर पाणी मारा," गर्दीतून आवाज आला.

"कांदा हुंगवा आधी."

"अहो, शिकलेली बहीण आहे, ऐका जरा," असं एक जण म्हणाला, पण हळू म्हणाला.

साखरेचं पोतं स्वयंपाकाच्या टेम्पोत होतं आणि काकू टेम्पोच्या फळीपाशी हात आडवा धरून उभ्या होत्या. त्या हातावर मला आजही राग धरता येत नाही, आणि ते मला जास्त त्रास देतं. त्यांना दुष्ट म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. भावाची मान एका बाजूला पडायला लागली होती. पालखीपुढे नैवेद्याचं ताट होतं. त्यात दूधसाखरेची चांदीची वाटी होती. मी चपला न काढता तिथपर्यंत गेले आणि वाटी उचलली.

कुणीतरी माझं मनगट धरलं. थोडं दूध सांडलं, उरलं ते पुरेसं होतं. मी त्याला सावरून बसवलं आणि घोट घोट पाजलं. तो गिळत होता, तेवढं माझं नशीब. ध्वनिक्षेपकावर भक्तिगीत चालूच होतं. मी पुन्हा गेले आणि ताटातलं केळंही आणलं. ते संपेपर्यंत त्याच्या डोळ्यांत ओळख आली.

"ताई," तो म्हणाला, "आरती झाली का?"

त्यानंतर पाहुण्यांची गाडी आली. उशिराबद्दल ते काही बोलले नाहीत, त्यांना कुणी विचारलंही नाही. दुसरा नैवेद्य रांधला गेला, आरती झाली, पंगत बसली. आमच्या दोघांच्या पानांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली.

जेवणानंतर अध्यक्ष आले. पुण्याचा माणूस रागावला की जास्तच अदबीने बोलतो. "आपण शिकलेल्या आहात. नियम काय असतो हे आपल्याला आम्ही काय सांगावं. उद्यापासून यांनी टेम्पोत बसावं. मंडळाला जोखीम नको."

"मी चालणार," भाऊ म्हणाला.

"जरूर चाला. रस्ता सरकारी आहे. पालखीबरोबर नको."

मग आम्ही पालखीच्या मागे, भजन जेमतेम ऐकू येईल इतकं अंतर ठेवून चाललो. भावाने पुढच्या गावात खडीसाखर घेतली, पारदर्शक पिशवीत भरली आणि पिशवी छातीवर लोंबेल अशी गळ्यात अडकवली. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर तो एकेक खडा तोंडात टाकायचा. आम्ही झाडाखाली बसून रक्त तपासायचो, भूक लागली की जेवायचो, कुणाची वाट पाहायची नव्हती. इतके नीट आकडे त्याचे पुण्यातही कधी आले नव्हते. रात्री धर्मशाळेच्या ओट्यावर एका टोकाला निजायचो. उसाच्या बैलगाड्या जायच्या. तो मला प्रोग्रॅम कसा लिहितात ते सांगत असे, आणि मला ते कळत नसे, आणि तरी मी विचारत असे.

आई एस.टी.ने शिर्डीला आली होती. पालखी सकाळी पोहोचली, आम्ही उन्हं उतरताना. ती काकूंच्या शेजारी उभी होती, म्हणजे सगळं तिच्यापर्यंत आधीच पोहोचलं होतं. भाऊ पाया पडायला वाकला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही असं नाही, ठेवला. मग म्हणाली, "नैवेद्य उष्टा केलात."

"आई, मी मेलो असतो."

"ज्याने तेव्हा वाचवलं, त्याने आत्ताही वाचवलं असतं. जरा धीर धरायचा."

"मी पायी आलोय, आई. पुण्यापासून. एक पाऊल गाडीत ठेवलेलं नाही."

"पालखीबरोबर नाही आलास." ती चिडलेली नव्हती. पदर सावरून, एखाद्या पोराने उत्तरपत्रिकेत प्रश्न सोडावा तशा आवाजात ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा चालावं लागेल."

तो दर्शनाच्या रांगेत उभा राहिला नाही. बूट सोडून स्टँडच्या बाकावर बसला आणि पायाची बोटं एकेक करून तपासू लागला. मी शेजारी बसले. एकाही बोटाला फोड नव्हता. ते पाहून त्याला फार आनंद झाला होता, आणि तो सांगायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तो पुन्हा चालला नाही. आई दर चैत्रात विचारत असे. पुढे त्याने कंपनीच्या जवळ वाकडला भाड्याने फ्लॅट घेतला, तेव्हा ती फोनवर विचारू लागली. तो विषय बदलायचा. लग्नाचं बघायचं म्हटलं तरी तिचं उत्तर ठरलेलं, आधी ते पूर्ण होऊ दे. नंतर तो फोन कमी घेऊ लागला.

काही वर्षांनी एका सकाळी त्याने दार उघडलं नाही. झोपेत साखर उतरली असावी, असं डॉक्टर म्हणाले. उशाशी ग्लुकोज होतं, पाण्याचा तांब्या होता. त्याने सगळं नीट केलं होतं. कधी कधी सगळं नीट करूनही होतं, असंही डॉक्टर म्हणाले. त्या सगळ्या दिवसांत मला कुणी बोललेलं ते एकच खरं वाक्य होतं.

तेरावा झाल्यावर काकू भेटायला आल्या. आता थकल्या होत्या, जिना चढताना दोनदा बसल्या. रडल्या, मनापासून रडल्या. "सोन्यासारखा पोरगा," म्हणाल्या. मग आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नवस अर्धा ठेवू नये हो. तेव्हाच म्हटलं होतं मी." आईने मान हलवली. मी चहा केला. दोघींनी प्यायला.

त्या गेल्यावर आई खिडकीशी जाऊन बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याच्या वतीने तू चालशील का? अजून राहिलंय ते."

"काही राहिलेलं नाही," मी म्हटलं. "तो चालला होता. शेवटपर्यंत. मी बरोबर होते."

"तू होतीस म्हणूनच राहिलं," आई म्हणाली.

तिने हे मला दुखवायला म्हटलं नाही. तिला ते खरं वाटत होतं, आणि खरं वाटतं म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी उठून न्हाली, देवपूजा केली, जेवली. मी जेवू शकले नाही. मी चालायला नकार दिला, आणि पुढच्या चैत्रात माझी सत्तरीची आई स्वतः मंडळात नाव देऊन आली. टेम्पोत बसून जाईन म्हणाली, आणि मध्ये मध्ये उतरून चालेन. मी तिची पिशवी भरून दिली. निघताना ती म्हणाली, "हे झालं की तो सुटेल."

त्याला स्वतःचं म्हणून जगायचं होतं. मी दार लावून घेतलं.