मोठ्याने वाचणारा कंडक्टर

तुम्ही शेवटची सही ज्या कागदावर केलीत, तो कागद तुम्ही वाचला होता का? खरं सांगा, इथे कोणी ऐकत नाही. सिमकार्डाचा फॉर्म असो, गॅसच्या जोडणीचा असो की पोराच्या शाळेचा, समोरचा माणूस बोट ठेवतो तिथे आपण सही ठोकतो आणि पेन परत देताना वर ‘थँक्यू’ म्हणतो. अख्ख्या वाशीम जिल्ह्यात प्रत्येक कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या वर्गमित्राचा बाप आहे. नुसता वाचत असता तर जिल्हा सुखात राहिला असता. तो मोठ्याने वाचतो.

काका एसटीचे निवृत्त कंडक्टर. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे लोक भजनी मंडळात गेले किंवा नातवंडांमागे धावू लागले. काका वाशीमला गेले आणि कोर्टाच्या आवारातल्या मोफत कायदेशीर मदतीच्या कार्यालयात स्वयंसेवक म्हणून नाव लिहून आले. गावोगावी जायचं, कायदा लोकांचं काय काय रक्षण करतो ते सांगायचं, अडलेल्याला वकिलापर्यंत पोचवायचं, असं ते काम. कार्यालयाने त्यांना गळ्यात घालायला ओळखपत्र आणि वाटायला पत्रकांचा गठ्ठा दिला. आपण कोणाच्या हातात काय देतोय, याची त्या भल्या माणसांना कल्पना नव्हती.

पहिलं शिबिर मेडशीला झालं. सतरंजी टाकली, भोंगा लावला आणि श्रोते म्हणून दोन शेळ्या आल्या. तिसरे एक आजोबा आले, पण ते भोंगा बंद करा म्हणायला. त्या दिवशी काकांनी हयातभराच्या अनुभवातून निष्कर्ष काढला की आपल्याकडे माणूस एका जागी बसतो तो फक्त एसटीत. तेव्हापासून त्यांचं शिबिर चालत्या गाडीत भरतं. ड्रायव्हरच्या मागे पाय फाकवून, कशालाही न धरता उभे राहतात आणि सुरू होतात. कोणता कायदा किती लांबीचा, हे त्यांनी थांब्यांवर बसवलंय. आमच्या वाशीमकडच्या मालेगावहून निघालं की मेडशी येईस्तोवर ग्राहकाचे हक्क संपतात. घरातल्या छळाचा कायदा मात्र रिसोडच्या गाडीतच घ्यायचा, कारण विषय लांब आहे. हल्लीचे कंडक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यांना अडवण्याची कोणाची छाती नाही. एकदा एक प्रवासी काकुळतीला येऊन म्हणाला, “काका, मले झोपू द्या ना जराशीक.” काका म्हणाले, “झोप ना बाप्पा. पन झोपेत कोनी तुह्या अंगठ्याले शाई लावली, तं मंग रडत माह्याकडं येऊ नको.” तो माणूस उतरेपर्यंत मुठी आवळून जागा होता.

लग्नाला बोलावलं तर काका पत्रिका छापखान्याच्या नावासकट वाचून येतात आणि मांडवात पहिली चौकशी नवरीच्या वयाची करतात. बालविवाह थांबवणं हे त्यांच्या कामातच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी जिलबी हातात धरून विचारलं, “पोरगी अठराची झाली ना हो?” तेव्हा नवरी सव्वीस वर्षांची होती आणि कॉलेजात शिकवत होती. ती भर मांडवात उठून म्हणाली, “काका, आधार कार्ड दाखवू का?” काकांनी ते खरोखर मागून घेतलं, पुढून-मागून वाचलं आणि मगच जिलबी तोंडात घातली. आमच्या गल्लीतले किराणावाले शेठजी तर त्यांच्या वाचनाला इतके कंटाळले की काका उंबऱ्यावर दिसले की ते स्वतःच वजनकाट्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र पुढे करतात, मग चहा सांगतात. काका दोन्ही गोष्टी संपवूनच उठतात.

फोनवरून लुबाडणाऱ्या टोळ्यांनी तर त्यांचा नंबर एकमेकांना ‘इकडे लावू नका’ म्हणून कळवला असावा. माझ्यासमोर एकदा असा फोन आला. पलीकडचा म्हणत होता, तुमचं बँकेचं खातं बंद होतंय, आलेला आकडा सांगा. काकांनी त्याला आधी नाव, गाव, शिक्षण विचारलं. मग अत्यंत मायेने म्हणाले, “हे पाय बेटा, तू हे जे करून राह्यला ना, याच्यात अटक होते. पन घाबरू नको. तुह्याजवळ वकिलाले द्याले पैसे नसन, तं फुकट वकील भेटते. लिहून घे कार्यालयाचा पत्ता.” फोन पलीकडून बंद झाला. काका हळहळले, “पत्ता अर्धाच झाला गड्या.”

घरी काकू आहेत म्हणून हा माणूस धड आहे. त्या म्हणतात, “मले कायचं नवल नाही वाटत. आमच्या लग्नात होमापुढं यायनं भटजीले थांबोलं होतं. म्हने आधी अर्थ सांगा, मंग मी ‘हो’ म्हनतो. मुहूर्त टळला. माह्या बापानं तवाच म्हटलं, पोरगं येडं हाय, पन फसवनारं नाही.”

इथवर मी हसत होतो. माझीही जात पत्रकांचीच. अन्याय दिसला की चार पानं लिहायची, छापायची आणि बाजाराच्या दिवशी वाटायची. बायकांचा जमिनीतला हक्क या विषयावर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं आणि काकांनी ते मेडशीच्या गाडीत वाचूनही दाखवलं होतं. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी मी माझ्या आत्याच्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला मालेगावच्या नोंदणी कार्यालयाच्या दारात उभा होतो.

आजोबा वारले होते. मागे मेडशीचं वावर, म्हणजे शेत, आणि राहतं घर, वारस दोन, माझे वडील आणि आत्या. आत्या रिसोडला भाड्याच्या खोलीत राहून शिवणकाम करते. तिच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडे रीत अशी की बाप गेला की बहिणीने कागदावर सही करून हिस्सा भावाला सोडायचा आणि भावाने तिला साडी नेसवून जेवू घालायचं. कोणी कोणावर जुलूम करत नाही. सगळं हसतखेळत होतं, हीच तर त्यातली गोम. साडीची पिशवी आत्याच्या मांडीवर होती. बाबा म्हणाले होते, “सातबाऱ्यावरचं काम हाय, पाच मिनिटाचं.” मीही तो कागद वाचला नव्हता.

काका तिथे दाराबाहेरच्या बाकावर बसलेले. सोमवारी ते त्या कार्यालयाबाहेर बसतात आणि ज्याला हवं त्याला त्याचा कागद वाचून देतात. त्यांनी आत्याकडे पाहिलं. “ताई, हे तुमाले कोनी वाचून दाखवलं काय?”

“भाऊ म्हनते तं बरोबरच असन,” आत्या म्हणाली.

“असन ना. मी कुठं नाही म्हनतो? वाचू काय?”

आत्याने कागद दिला. काकांनी घसा खाकरला आणि भरल्या गाडीत वाचतात तसं वाचायला सुरुवात केली. वावराचा गट नंबर झाला. मग ‘मौजे मेडशी येथील राहते घर, परसातील विहिरीसह’ आलं. मग ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ आलं. मग ‘माझा वा माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही’ आलं. बाहेर उभी असलेली माणसं बाकाभोवती गोळा झाली.

“थांबा,” आत्या म्हणाली. “घर बी हाय त्याच्यात?”

“हाय.”

“मंग वापस भेटते काय कवा?”

“नाही ताई. हे परतीचं तिकीट नोहे.”

बाबा भडकले. “तुमाले कोनं बोलावलं हो? आमच्या घरचा मामला हाय हा!”

“घरचा असता तं घरी बसले असते,” काका शांतपणे म्हणाले. “सरकारी हापिसात कायले आले?”

“तुमी भांडनं लावून राह्यले!”

“मी वाचून राह्यलो. करायचं काय, ते ताई ठरवतीन. मी ‘करा’ बी नाही म्हनत अन् ‘नको’ बी नाही.”

बाबा माझ्याकडे वळले. “तू तरी सांग याले! तुह्याच ओळखीचा हाय ना?”

पत्रकात मी चार पानं बोलू शकतो. तिथे मी सहीसाठी आणलेल्या पेनाचं टोपण नुसतं काढत-घालत राहिलो. त्या कागदाचा फायदा पुढेमागे मलाच होणार होता. आत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, मग काकांना म्हणाली, “आखीन एकडाव वाचा.” काकांनी पहिल्यापासून पुन्हा सगळं वाचलं, एक शब्द न गाळता. मग तिने साडीची पिशवी बाबांच्या मोटारसायकलला अडकवली. “दादा, वावर तूच पेर. मी मागाले येनार नाही. पन माह्यं नाव राहू दे. मी सही नाही करत.”

बाबा एकटेच गाडी घेऊन गेले. पुढे कित्येक महिने ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि काकांचं नाव घरात निघालं की रेडिओ मोठा करायचे. दिवाळीला तिला आणायला कोणी गेलं नाही, तर ती स्वतःच आली. कोणाला न विचारता थेट स्वयंपाकघरात शिरली, डबे उघडले आणि आईला म्हणाली, “डाळीत किडे हायत वो, ऊन नाही दाखवत काय?” बाबा ओसरीवर बसून होते. रेडिओ हाताशी होता, पण त्यांनी तो लावला नाही.

हे मी काकांना रंगवून सांगितलं. वाटलं, पोट धरून हसतील. ते हसले नाहीत. हातातल्या पत्रकाची घडी घालत राहिले.

“माह्या बहिनीची सही मीच घेतली होती,” ते म्हणाले. “नोकरी लागली त्याच साली, लग्नाच्या आधी. वाचून नाही दाखवलं. मीच कुठं कागद वाचला होता?”

मी विचारलं, “येतात का त्या?”

“येते ना. दर राखीले येते. कायची नाराजी नाही तिची.” त्यांनी पत्रकाची घडी पुन्हा उलगडली. “पन दारात चप्पल काढून उभी राह्यते, अन् इचारते, ‘दादा, येऊ काय?’ ज्या घरात जलमली तिथं.”

त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात बहिणीने किंवा आत्याने सही केलेला असा कागद असेल. कपाटात, ट्रंकेत, कुठेतरी असेलच. तो आज काढा. तिला फोन लावा आणि सगळा वाचून दाखवा. ती म्हणेल, जाऊ दे, आता काय त्याचं. तरी वाचा. आणि सही अजून व्हायची असेल, तर साडी घ्यायला जाण्याआधी वाचा.